कानाने घेतलेला पाठ

१२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. मेकअपच्या खोलीचं दार लाव आणि सावकाश वाच. अडलीस तर मागे येऊन पुन्हा वाच, मी ग्रीनरूमच्या आरशावर काजळाने लिहून शिकवायचे तेव्हा वाचायचीस तशी. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर मला आधी रडू येतं आणि तेवढ्यात तू ठेवून देतेस.

आईला पाठ राहत नाही.

तू म्हणशील, वय झालं, चालायचंच. तसं नाही गं. नव्या नाटकाचा पाठ घ्यायला आम्ही रोज सकाळी बसतो, पूर्वीसारख्याच. ती केस विंचरून खिडकीजवळच्या खुर्चीत, मी समोर स्टुलावर. मी एक वाक्य वाचते, ती म्हणते. मग दोन, मग चार. पूर्वी दुसऱ्या दिवशी मी पहिला शब्द टाकला की पानच्या पान उलगडायचं. आता कालचं वाक्य आज तिच्यासमोर ठेवलं की ती त्याच्याकडे दारात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखी बघते. आदराने बघते, पण ओळख नाही.

जुनी नाटकं मात्र शाबूत आहेत. परवा उशा उन्हात टाकताना तिने नावाड्याच्या मुलीचा अख्खा दुसरा अंक म्हटला, समोरच्या पात्राला बोलायला जागा सोडून. मी शाळेत जायच्या आधी तिला कंपनीतला जो कोणी मोकळा असेल तो वाचून दाखवायचा, आणि ज्याची त्याची लकब तिच्या अंगात जायची. ती राणी तिने नाकात का बोलली, यावर लोकांनी काय काय लिहिलं! कारण एवढंच की त्या महिन्यात वाचणाऱ्याला सर्दी होती. मग घरात शाळेचं तोंड पाहिलेली पहिली मी, आणि वाचायला मी बसले. कठीण शब्द आला की मी थांबायचे, तो मनात जुळवायचे, मग बोलायचे. आईने माझं थांबणंही पाठ केलं. तेच पुढे बाईंचे सुप्रसिद्ध विराम. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, तिथे काही नाहीये, मला शब्द वाचता येत नव्हता." ती म्हणाली, "मग त्या बाईलाही तो बोलता येत नसेल. राहू दे."

हे नाटक सरांनी तिच्यासाठीच लिहून घेतलं आहे, बसवताहेतही तेच. घर विकलेल्या एका बाईचा त्या घरातला शेवटचा दिवस. दोन अंक, जवळजवळ सगळं तिचंच बोलणं. कंपनीचं नाट्यगृह बराच काळ बंद होतं, आता या एका नाटकावर सगळे पुन्हा उभे राहायला बघताहेत.

तिने मला गळ्याची शपथ घातली आहे. सरांना सांगायचं नाही आणि थोरलीला, म्हणजे तुला, तर मुळीच कळवायचं नाही. म्हणाली, "ती येईल आणि विंगेत उभी राहील." शपथ मोडते आहे, आणि ती मोडते आहे हे नीट समजून मोडते आहे.

तुमच्या दोघींत जे झालं ते मी पाहिलं आहे. तिला ताप होता, तिच्या जागी उभं करायला तुला रंगवून तयार केलं होतं, तिसरी घंटा व्हायची होती. ती अंथरुणातून उठून आली, तेलाचा बोळा घेतला आणि तुझं तोंड स्वतःच्या हाताने पुसलं. एक अक्षर बोलली नाही. तू अर्ध्या पुसलेल्या तोंडाने बाहेर पडलीस ती पडलीसच. मी तुला विसर म्हणत नाही, मला तो अधिकार नाही. मी फक्त म्हणते, तिला तू अजून आठवतेस. तेवढ्यात ये.

तुझी,
बारकी


४ सप्टेंबर

ताई,

जाहिरातीच्या कागदामागे लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. "मला त्यात ओढू नकोस." अक्षर छान वळणदार झालं आहे तुझं. मी ते आईला दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी तिने कागदाचं उलट अंग बघून "फोटो बरा आलाय" म्हटलं असतं, कारण त्या बाजूला तूच आहेस.

ओढत नाही. फक्त काय चाललंय ते कळवत राहते. वाचलं नाहीस तरी चालेल. चालेल असं नाही, पण लिहीन.

गेल्या आठवड्यात एक प्राध्यापक आले होते. आईचं चरित्र लिहिताहेत. हातात रेकॉर्डर, पायात चकचकीत बूट, आणि बोलताना मान अशी तिरकी की मला सारखं वाटत होतं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे.

"बाई, अगदी सुरुवातीपासून सांगा. बालपण?"

आई खुर्चीत सरळ झाली. "आमचं घर नदीच्या पलीकडे होतं," ती म्हणाली. "वडील नावाडी. पूर आला की रात्रभर दोर धरून बसायचे."

माझ्या हातातला कप बशीत वाजला. आपले आजोबा कोळशाच्या वखारीत होते, ताई, आणि नदी तिने पहिल्यांदा पाहिली ती दौऱ्यावर, बसच्या खिडकीतून, आणि तेव्हाही तिला उलटी होत होती.

प्राध्यापक भराभर लिहीत होते. नवऱ्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, ते लढाईवर गेले, घोड्याच्या टापा दूर जाईपर्यंत मी दारात उभी होते. आपले बाबा! ते पडदा ओढायचे आणि टांग्यात बसायलाही घाबरायचे.

ते फोनसाठी बाहेर आले तेव्हा मी त्यांना गाठलं. "सर, माफ करा, पण ते तिचं नाही. नाटकांतलं आहे."

ते हसले. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बाळ, थोर कलावंताचं आयुष्य आणि कला अशी वेगळी काढता येत नाही."

"पण आजोबा वखारीत होते."

"असतील, असतील. तेही टिपून ठेवतो." नाही टिपलं. मी बघत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला हसत लिहिलं असतं. पण आत येऊन त्यांनी विचारलं, "आणि मुलं, बाई?" आईने माझ्याकडे बघितलं. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. ती थांबली. आणि मग म्हणाली, "मला मूल नाही." नावाड्याच्या मुलीला मूल नसतं. मला ते वाक्य पाठ आहे, मीच वाचून दिलं होतं. तरी मी ट्रे घेऊन आत निघून गेले.

ते गेल्यावर मला म्हणते, "कोण होता गं तो, बारके? फार छान ऐकत होता."

बारके म्हणाली ना, म्हणजे तेव्हा मी तिच्यासाठी पुन्हा होते.

तुझी,
बारकी


२१ सप्टेंबर

ताई,

मी सरांना सांगितलं. दुसरी शपथही मोडली. पण तालमीत रोज तेच होत होतं. ती दोन वाक्यं बोलायची, मग खर्जकाका (तोच, ज्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, या नाटकात तो घर विकत घेणारा आहे) आपलं वाक्य बोलायचा आणि ती त्याला नावाड्याच्या मुलीचं उत्तर द्यायची. बिचारा सांभाळून घ्यायचा. एकदा त्याला या घराच्या दरवाज्यातून नाव बाहेर काढावी लागली.

मी सरांच्या खोलीत गेले.

"बोल की," सर म्हणाले. "पण रडणार असशील तर आधी रडून घे, मला तालीम आहे."

"आईला नवं काही लक्षात राहत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वाचनापासून. तू वाचत होतीस आणि बाई तुझ्या ओठांकडे बघत होत्या. पूर्वी त्या डोळे मिटून ऐकायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का ते बघत होतो. तू गप्प, म्हणून मीही गप्प. झाकली मूठ."

मी म्हटलं, हे बरोबर नाही, लोक तिकीट काढून येणार, तिचं नाव वाचून येणार. ते म्हणाले, "बरं, घरी बसव त्यांना. उद्या दारावर पाटी लावतो, प्रयोग रद्द. खाली सुतार आहे, शिवणाऱ्या बाया आहेत, त्यांना तू सांगशील ना?" मी म्हटलं, मी तसं म्हटलं नाही. "मग काय म्हटलंस?"

 मी काय म्हणायला गेले होते ते मला अजून नीट माहीत नाही. कोणीतरी मोठ्या माणसाने ते माझ्याकडून काढून घ्यावं, एवढंच बहुधा.

कानात घालून वाक्यं ऐकवायच्या यंत्राचं तू विचारशील. करून पाहिलं. तिने ते भर तालमीत कानातून काढलं, तळहातावर घेऊन निरखलं आणि म्हणाली, "अरे, यात कोणीतरी बसलंय." सगळे हसले. तीही हसली.

शेवटी सरांनी पेन्सिल नेपथ्याच्या आराखड्यावर टेकवली. मंचाच्या मधोमध एक मोठं लाकडी कपाट आहे, घरातलं शेवटचं सामान. "त्याची मागची फळी काढू," सर म्हणाले. "तू आत बस. तुझ्या आवाजाने त्या पाठ घेतात ना? घेऊ देत. फक्त आता पाठ करायचं नाही, ऐकलं की लगेच बोलायचं."

रंगमामा आपली रंगाची पेटी उचलत म्हणाले, "ये, तुलाही रंग लावतो. कपाटातलं का होईना, काम मिळालं."

तू असतीस तर तुला सगळा पाठ एव्हाना तोंडपाठ असता. मी हे टोचायला लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

तुझी,
बारकी


१० ऑक्टोबर

ताई,

कपाट चालतं. चालतं म्हणजे इतकं चालतं की मला भीती वाटते.

आत एक स्टूल आहे, संहिता आहे, एक लहानसा दिवा, आणि दाराला डोळ्याच्या उंचीवर फट. कोट टांगलेले आहेत, त्यांना वासही खऱ्या कपाटाचा आहे. मी हळू, पण स्पष्ट बोलते. ती माझ्यामागे बोलते. मधला वेळ इतका बारीक असतो की खर्जकाका शपथेवर सांगतो, त्याला मी ऐकूच येत नाही. मी थांबले की ती थांबते. आता मला कठीण शब्द येत नाहीत, पण आत अंधार आहे, ओळ सापडायला वेळ लागतो. सर खालून ओरडतात, "वा, बाई! काय थांबलात!"

तालमीनंतर आम्ही दोघी चालत घरी येतो. पुलापर्यंत ती काही बोलत नाही. काल बोलली.

"मला कळतं हं, बारके."

"काय गं?"

"कपाटात तू असतेस ते."

मला वाटलं, रागावणार. ती म्हणाली, "आधी वाक्य माझ्याकडे यायचं, मग मी ते बोलायची. आता तुझा आवाज येतो आणि तोंड चालतं. मधे मी कुठे असते ते आज बघत होते. सापडले नाही."

मी तिचा हात धरला.  चांगल्या मुलीला काही बोलायला सुचलं असतं.

मग तिने विचारलं, "थोरलीला कळवलंस ना?"

"नाही."

"खोटं नको बोलू. तुला जमत नाही, आवाज चिरकतो. येते का ती?"

"माहीत नाही."

"नाही यायची," ती म्हणाली. "मी पण नसते आले."

मी विचारलं, "तुला वाटतं का, तिने यावं?" ती कठड्याला टेकून उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "नाव काठाला लागली की बोलू." आता हे तिचं उत्तर होतं की नावाड्याच्या मुलीचं, मला सांगता येणार नाही. माझ्या सोयीचं तेवढं लिहायला नको म्हणून जसं झालं तसं लिहिलं आहे.

पहिला प्रयोग तीस तारखेला आहे. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत कडेची खुर्ची ठेवायला सांगितली आहे, कडेची म्हणजे तुला मधेच उठून जाता यावं. ये गं.

तुझी,
बारकी


२ नोव्हेंबर

ताई,

खुर्ची रिकामी राहिली. मी फटीतून बघत होते, मला तेवढीच रांग दिसते.

पहिला अंक उत्तम झाला. दुसऱ्या अंकात ती खिळ्यावरची किल्ली काढते आणि पुढे येते, मंचावरच्या खुर्चीपाशी थांबते आणि तिथे तिचं मोठं भाषण आहे. ती किल्ली घेऊन निघाली. खुर्चीपाशी थांबली नाही.

पुढे मंचाची कड आहे. खाली चांगली पुरुषभर खोली. दिव्यांमुळे तिला कड दिसत नाही, ती पावलांच्या सवयीवर चालते, आणि आता पावलांनाही आठवत नव्हतं. मी संहिता टाकली आणि म्हटलं, "आई, पुढे जाऊ नकोस."

ताई, तिने मान वर केली. तिच्या त्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या, ती म्हणाली, "आई, पुढे जाऊ नकोस." आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"आई, थांब. पडशील."

"आई, थांब. पडशील." माझा आवाज कापत होता, म्हणून तिचाही कापला. आणि आणखी एक पाऊल.

खर्जकाकाचा प्रवेश बराच पुढे होता. पण तो विंगेतून तसाच आत आला, तिचा दंड धरला आणि म्हणाला, "बाई, मी घर बघायला आलोय. चला, आधी आतल्या खोल्या दाखवा." देव त्याचं भलं करो.

सभागृहात मग टाळ्या सुरू झाल्या. लोक रडत होते. एक म्हातारे गृहस्थ उभे राहून डोळे पुसत होते. सगळ्यांना वाटलं, घर सोडणारी ती बाई आपल्या मेलेल्या आईला हाक मारते आहे.

पडदा पडल्यावर सर आत धावत आले. मला वाटलं, आता ते म्हणतील, पुरे झालं. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "ते ठेवायचं. अगदी तसंच. उद्या संहितेत घाल, लेखकाला मी सांगतो."

"सर, ती पडणार होती."

"म्हणून तर."

प्राध्यापकांनी लेख लिहिला आहे. त्या दोन वाक्यांवर अर्धं पान आहे. कात्रण पाठवत नाही.

मला फक्त एकच गोष्ट दिसते. ती "थांब" म्हणत होती आणि थांबत नव्हती. शब्द तिच्या तोंडातून जात होता, तिच्यापर्यंत जात नव्हता. हे त्या संध्याकाळी सुरू झालं की तालमीतच कधीतरी, मला ठाऊक नाही. मी समोरच होते, फटीला डोळा लावून, आणि माझं सगळं लक्ष ओळ चुकू नये याकडे होतं.

बारकी


२९ नोव्हेंबर

ताई,

नाट्यगृह भरतं आहे. मंचाच्या कडेला आता लोकांना दिसणार नाही असा बारीक दोर लावला आहे, आणि आई रोज त्या दोरापर्यंत येते, "आई, थांब, पडशील" म्हणते. रोज कोणीतरी रडतं. सुताराच्या मुलाची शाळा पुन्हा सुरू झाली. शिवणाऱ्या बाया मला जिन्यात मिठी मारतात.

पण आता ते घरी आलं आहे.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मी विचारलं, "चहा घेतेस?" ती म्हणाली, "चहा घेतेस?" मी म्हटलं, मी घेतला, तू घे. ती म्हणाली, मी घेतला, तू घे. मला हसू आलं, वाटलं थट्टा करते आहे. तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. पाठ घेताना असतं तसं लक्ष होतं. नीट, प्रामाणिक लक्ष. माझं प्रत्येक वाक्य तिला पाठ वाटतं. मी "आई गं" म्हटलं तरी तेही घेते.

जुनी नाटकंही गेली. मी नावाड्याच्या मुलीचा पहिला शब्द टाकून पाहिला. तिने तो शब्द घेतला, तेवढाच, आणि पुढच्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

शेजारची बाई म्हणते, "काय गुणी आहे हो तुमची आई, मुलीच्या शब्दाबाहेर नाही." मी घरात बोलणं कमी केलं आहे. हातानेच खुणावते. मग ती दिवसभर गप्प असते, आणि ती गप्प असली की मला वाटतं, मीच तिचं तोंड बंद केलं आहे. म्हणून मी पुन्हा काहीतरी बोलते. मग तेच तिच्या तोंडून ऐकते.

डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरत नाही. कोमल आवाजात म्हणाले. तिने तेही म्हटलं, त्याच कोमल आवाजात. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला.

काल मी सरांना सांगितलं की ती येणार नाही. कधीच. यावेळी रडले नाही. सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "मी आणखी थोडे दिवस रेटलं असतं. तू आहेस म्हणून बाई सुटल्या." आणि मग, दारापाशी, माझ्याकडे न बघता, "थोरलीला विचारतो. तिच्याशिवाय कोणाला जमणार?"

आज कळलं, तू हो म्हणालीस.

मला राग आलेला नाही. खरंच नाही, दोनदा तपासून पाहिलं. तुझाच तो रोल होता, सगळेच होते. फक्त एवढं, की मी ऑगस्टपासून ये म्हणते आहे आणि सरांना एका फोनमध्ये जमलं.

बारकी


८ डिसेंबर

ताई,

हे पत्र रंगमामांच्या हाती देते आहे. तू उघडेपर्यंत समोरून हलू नका, असं त्यांना सांगितलं आहे. तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस.

तू नाट्यगृहामागच्या हॉटेलात उतरली आहेस. इथून पूल ओलांडला की आलं. मामा सकाळी येऊन सांगून गेले की माझं पहिलं पत्र तू वाचलंस, बाकीची तशीच बंद तुझ्या बॅगेत आहेत. मामांना ते सांगताना फार अवघड झालं. मग मी इतके दिवस कोणाला लिहीत होते? असो. फाडू नकोस, एवढंच.

तुझा निरोपही त्यांनी जसाच्या तसा दिला. तिने स्वतः बोलावलं तर येईन. आज संध्याकाळपर्यंत फोनवर तिच्या तोंडून मला "ये" ऐकू दे. बारकीचं मध्यस्थीचं बोलणं नको.

पत्रं बंद आहेत, म्हणजे तुला ठाऊक नाही. सरांनीही तुला "बाई थकल्या आहेत" एवढंच सांगितलं असणार. तेव्हा इथे एकदा लिहिते. आईला आता काही कळत नाही. मी जे म्हणेन ते ती म्हणते, दुसरं काही म्हणत नाही. मामांना हे माहीत आहे. जाताना त्यांनी माझा हात धरला. "म्हणायला लाव की गं," ते म्हणाले. "एक शब्द. तुझ्याने काय पाप होतंय? पोरगी घरी येईल."

दुपारी मी आईचे केस विंचरले आणि तिला खिडकीजवळ बसवलं. स्टूल समोर घेतलं. फोन मांडीवर, तुझा नंबर काढलेला, फक्त दाबायचा. ती सरळ बसली. माझ्या तोंडाकडे बघू लागली.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. "थोरले, ये. माझं चुकलं." तिने ते म्हटलं असतं, ताई. कसं म्हटलं असतं ते तुला सांगायला नको, तू विंगेतून वर्षानुवर्षं ऐकलं आहेस. जगात कोणीही म्हटलं नसेल असं म्हटलं असतं. श्वास कुठे घ्यायचा, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. आणि तू हॉटेलच्या चपला घालून पूल ओलांडून धावत आली असतीस. मला ते इतकं हवं आहे की ते वाक्य मी अजून मनात म्हणते आहे.

पण पुलावर मी तिला विचारलं होतं, आणि तेव्हा ती ये म्हणाली नव्हती. नको म्हणाली नव्हती, हेही खरं. ती काय म्हणाली असती ते आता कोणालाच कळायचं नाही, आणि म्हणून ते मी ठरवायचं नाही.

मी फोन बाजूला ठेवला. ती वाट बघत होती. बराच वेळ बघितली. मग तिने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तूही वाट बघितली असशील. फोन खराब झाला नाही, मी विसरले नाही. दाराला कडी नसते, केव्हाही ये, आलीस तर मी काही विचारणार नाही. पण हे बोलावणं माझं आहे. आईकडून तुला काही निरोप नाही.

बारकी